आप्पांनी विचारलं नाही तो दिवस

"पंप चालत का नाही?" आप्पांनी पडवीतून विचारलं.

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून," अपूर्व म्हणाला.

नोकरीचं काम घरूनच करायचं ठरवून अपूर्व मुंबईहून रत्नागिरीला परतला होता. पण घरामागच्या आगरातल्या पोफळींना पाणी घालायचं शिपणं रविवारपर्यंत आपोआप झालं नाही तर पुन्हा मुंबई, अशी त्याच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची अट होती. म्हणून त्याने पंपाचा प्रोग्रॅम थेट यंत्राशी बोलणाऱ्या रस्ट भाषेत लिहिला. तोही फंक्शनल पद्धतीने.

"तत्त्वं दोनच, आप्पा. कोणी मागितल्याशिवाय काही करायचं नाही. आणि मागचं काही लक्षात ठेवायचं नाही."

"म्हणजे तुझ्यासारखाच. मग दुसरा कशाला हवा?"

आप्पा बटणं दाबत नसत. त्यामुळे अपूर्वने पडवीत मायक्रोफोन लावला. आप्पांनी "झालं काय?" विचारलं की पंप सुरू. आप्पांनी विचारलं, पोफळी भिजल्या. आप्पा खूश झाले, म्हणजे काही बोलले नाहीत.

घोळ पुढेच होता. आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "अगो, झालं काय?" हे चहाबद्दल. मग गड्याला, "अनिल्या, झालं काय?" हे नारळांबद्दल. पंपाने सगळं ऐकलं. आधीचं शिपणं त्याच्या लक्षात नव्हतंच. दर खेपेला त्याने पोफळी जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारख्या भिजवल्या.

"आप्पानू, आगरात खेकडे आलेत," दुपारी अनिल सांगत आला.

"पाणी बंद झालं काय?" आप्पांनी विचारलं, आणि पंप परत सुरू झाला.

संध्याकाळी विहिरीचा तळ दिसला. तळाशी अपूर्वच्या आईचा, लीलाताईंचा, लग्नातला, कधीचा हरवलेला तांब्याही दिसला.

"प्रोग्रॅम चांगलाय हो," त्या म्हणाल्या.

"ह्याला लक्षात ठेवायला शिकव," आप्पा म्हणाले.

"मग तो फंक्शनल राहणार नाही."

"बरं. मुंबईला कधी निघतोस ते उद्या विचारतो. तोवर विहीर भरू दे. मी कोणाला काही विचारत नाही."

रविवारी आप्पा गप्प बसले. चहा आला नाही. लीलाताई ओट्यापाशी पेपर वाचत होत्या. अनिल माडाखाली उभा राहून वर बघत होता.

"चढत का नाहीस रे?" अपूर्वने विचारलं.

"आप्पानी विचारलं नाय अजून."

"आई, चहा?"

"ह्यांनी विचारलं की ठेवते ना. तोवर गॅस कशाला उगाच?"

अपूर्वच्या लक्षात आलं. आपल्या जन्माच्या आधीपासून हे अख्खं घर फंक्शनल पद्धतीने लिहिलेलं होतं.

दुपार टळली तशी लीलाताईच पडवीत आल्या. "अहो, विचारा एकदाचं. भूक लागलीय."

आप्पांनी घसा खाकरला. "झालं काय?"

कुकर चढला. अनिल माडावर चढला. रात्रीतून भरलेल्या विहिरीवर पंप सुरू झाला, आणि कालचं पाणी उन्हात सुकल्यामुळे आज पोफळींना खरोखरच पाणी हवं होतं.

जेवणं झाल्यावर अपूर्व बॅग घेऊन पडवीत आला. "आप्पा, मुंबईचं म्हणत होतात ते..."

आप्पा आगराकडे बघत सुपारी कातरत होते. "तुला कोणी विचारलंय?"

बॅग अजून पडवीतच आहे. विचारल्याशिवाय ती उचलायची नाही, हे तत्त्व अपूर्व कटाक्षाने पाळतो.