छत्रीचा कोपरा

जावककाकांनी उभ्या आयुष्यात घाईने म्हणून काही केलं नव्हतं. कचेरीच्या जावक विभागात बत्तीस वर्षं काढलेला माणूस; त्यांच्या टेबलावरून साधं पत्र बाहेर पडायला चार दिवस लागायचे. (नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.) पण त्या मंगळवारी सकाळचा चहा संपायच्या आत त्यांनी ठरवून टाकलं, की वाळवंटातला एक फोटो चांगला हातभर मोठा करून घ्यायचा आणि काकूंना द्यायचा.

निमित्त काकूंच्या निवृत्तीचं होतं. शनिवारी शाळेत निरोपसमारंभ होता आणि शाळेला बाईंचा तरुणपणीचा एखादा फोटो हवा होता. काकू फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, ते काकांनी पेपराआडून ऐकलं. "नवीन लग्न झालं तेव्हा वाळवंटात गेलो होतो. तेवढे चार दिवस मी फार सुखात होते. ह्यांनी छत्तीस फोटो काढले, पण त्यात मी कुठेच नाही." आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते काकांना जास्त लागलं.

आणि खोटं काय होतं त्यात? छायाचित्रणावरचं एकुलतं एक पुस्तक वाचून काका तेव्हा कलावंत झालेले. वाळवंटाचे फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढावेत, असं पुस्तकात होतं. जीपवाला मात्र रोज भर बाराला यायचा. मग कडक ऊन हीच आपली शैली, असं काकांनी जाहीर केलं. डोळे दिपवणारी वाळू, एखादा काळा खडक, वर कोरडं आभाळ आणि दुसरं काही नाही. ह्या 'काही नाही'साठी ते नव्या बायकोला सारखे म्हणायचे, "जरा बाजूला हो, रिकामेपण जातंय." ती बिचारी काळी छत्री उघडून बाजूला व्हायची.

एवढं करूनही घोटाळा झालाच. फोटो धुऊन आले तेव्हा प्रत्येकात डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा, धुरकट डाग आणि त्यात चकाकणारा ठिपका. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला, की ही छत्री आणि चकाकतंय ते तिच्या काडीचं टोक. कचेरीच्या प्रदर्शनात फोटो नापास झाले, त्याचं खापरही छत्रीवर फुटलं. पुढची चौतीस वर्षं पाहुण्यांना अल्बम दाखवताना ते म्हणत राहिले, "हा कोपरा आमच्या हिची कृपा." काकू हसायच्या आणि सरबत आणायला आत जायच्या.

तर मंगळवारी काका निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेले. गुरुवारी स्टुडिओवाल्याने फोटो पुढे ठेवला आणि काका बघतच राहिले. कोपरा स्वच्छ! डाग कॉम्प्युटरवर साफ केला, असं स्टुडिओवाला म्हणाला, त्याचं वेगळं काही घेणार नाही. इतक्या वर्षांनी ते रिकामेपण आता पुरतं रिकामं झालं होतं. काका खुशीत फोटो काखेत मारून निघाले.

चौकातल्या बाकावर त्यांनी तो पुन्हा उघडला. वाळू होती, खडक होता. पण काहीतरी हुकल्यासारखं वाटत होतं. ते डाव्या हाताच्या पहिल्या बोटातली अंगठी फिरवू लागले. (लग्नातली अंगठी. योग्य बोटात सैल व्हायची म्हणून तेव्हा ह्या बोटात घातली. आता निघतच नाही.) आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं. त्या चार दिवसांत बायको जिथे कुठे होती, ती त्या कोपऱ्यातच होती. तेवढीही त्यांनी पुसून आणली होती.

ते तसेच उलटपावली गेले आणि डाग परत घाला म्हणाले. स्टुडिओवाल्याने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. लोकांचे मस, सुरकुत्या, झालंच तर नकोसे मेहुणे त्याने आजवर फोटोतून काढले होते. डाग लावून मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. काकांनी त्याला सगळी कथा ऐकवली. त्याने डाग परत घातला, वर थोडा उजळूनही दिला.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये फ्रेमवरचं कापड निघालं. काका कधी नव्हे ते माइकसमोर उभे राहिले. आपण मूर्ख होतो, रिकामी वाळू बघत बसलो, असं म्हणाले. त्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाले, "ह्या चित्रात बघण्यासारखं एवढंच आहे. चौतीस वर्षं मी ह्याला डाग म्हणत आलो. ह्या तुमच्या बाई आहेत." मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले. चित्रकलेचे सरसुद्धा हलले.

काकू फ्रेमजवळ गेल्या. चष्मा लावला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग काकांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, छत्री तुमच्या डोक्यावर होती."

"म्हणजे?"

"तुम्हाला ऊन लागू नये म्हणून मी तुमच्या मागे उभी राहून धरायचे ना. मागची छत्री पुढे कशी येईल?" त्यांनी काकांचा डावा हात उचलून फ्रेमच्या कोपऱ्याशी नेला. काळं धुरकट बोट आणि त्यावर उन्हात चकाकणारी अंगठी. शेजारी तीच अंगठी, त्याच बोटात.

काकांनी विचारलं, की हे तिला कधीपासून माहीत होतं. काकू म्हणाल्या, "आज कळलं. इतकी वर्षं मलाही वाटायचं, की माझीच छत्री मध्ये येत असेल. तुम्ही इतकं खात्रीने सांगायचात." एवढं बोलूनही त्यांनी काकांचा हात सोडला नाही. काकांना वाटलं, आता पुन्हा भर बाराचं ऊन पडावं आणि आपण छत्री धरावी.

फ्रेम आता घरात दाराच्या समोरच लावली आहे. काकांनी ती आतल्या खोलीत हलवायचा प्रस्ताव दोनदा मांडला, दोन्ही वेळा फेटाळला गेला. पाहुणे कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारतात, तेव्हा काका सरबत आणायला आत जातात आणि काकू शांतपणे सांगतात, "ते आमचे हे. वाळवंटातला त्यांचा एवढाच फोटो आहे. जरा हललाय, पण ओळखू येतात."