दळवीकाका टीव्ही पुसतात

आमच्या शेजारचे दळवीकाका स्वतःची अंघोळ दोन तांब्यांत उरकत, पण टीव्ही पुसायला त्यांना रविवारची अख्खी सकाळ लागे.

अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एव्हाना बऱ्याच घरांत टीव्ही आले होते. पुसण्याचं शास्त्र मात्र एकट्या काकांकडे. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद केलेलं चालत नसे. मग सेट गार होईपर्यंत खोलीत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. फडकं मलमलचं, उल्हासनगरच्या कटपीसवाल्याकडचं, आणि तेही आधी स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलेलं. तो सिंधी दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "अरे काका, टीव्ही पोंछने का है के बच्चे को लपेटने का है?" काकांनी तरीही आणखी एक तुकडा बघायला मागितला. पाणी लावायचं ते फडक्याला, तेही घट्ट पिळून. साबणाचं नाव काढलं की त्यांचा पारा चढे.

"काच आहे ती, पोळपाट नव्हे!"

मी एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत आमच्या टीव्हीवर ओला पेपर फिरवला, तर त्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. आणि हे काकांना सोपं नव्हतं. कारखान्यातून आले की जिन्यात भेटेल त्याला, अगदी मांजरालाही, दिवसभराची हकिगत सांगणारा माणूस तो.

फक्त स्वतःच्या मुलीशी त्यांना बोलता येत नव्हतं. कुंदाला जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिरांच्या शाळेत मैत्रिणींबरोबर तिचे हात भराभरा चालत. बापाकडे मात्र दोनच खुणा, जेव आणि झोप. पोर हसत घरी आली काय, रडवेली आली काय, काकांना कारण कळायचं नाही. "जगाशी बडबडतो मी, आणि घरात मुका," असं ते एकदा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा रविवारी दुपारी टीव्हीवर खुणांच्या बातम्या लागत. काका कुंदाशेजारी मांडी घालून बसत आणि बातम्या देणाऱ्या बाईंसारखे हात हलवून पाहत. चुकलं की कुंदा त्यांची बोटं धरून सरळ करी. टीव्ही धूळ ओढून घेतो. त्यात एखादी खूण धुरकट दिसली तर आठवडा वाया जायचा. म्हणून ती सगळी पुसापुशी.

एका वर्षी दसरा रविवारी आला. काका कारखान्यात मशिनच्या पूजेला गेले होते. इकडे काकूंनी शिलाई मशीन, सायकल, मिक्सर यांची पूजा करता करता टीव्हीच्या काचेवर मधोमध ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

मी सोनं द्यायला गेले तेव्हा बातम्या सुरू झाल्या होत्या आणि काका नुकतेच दारात पोचले होते. बातम्यांच्या बाईंचे हात नेमके त्या स्वस्तिकामागे. कुंदा मान इकडून तिकडे करत होती.

काकू घाबरून म्हणाल्या, "अहो, प्लग काढू का?"

काकांनी एकवार टीव्हीकडे पाहिलं, एकवार मुलीकडे. मग चालू टीव्हीच्या गरम काचेवर त्यांनी आपल्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टाची बाही खसाखसा फिरवली.

कुंदा बघतच राहिली. मग त्या लाल बाहीकडे बोट दाखवून इतकी हसली, इतकी हसली, की बातम्या राहिल्या बाजूला. हसता हसता तिचे हात चालू झाले. काका तिच्या बोटांवर नजर रोखून बसले. मध्येच "थांब, हळू" अशी खूण करत. ती पुन्हा सांगे.

बऱ्याच वेळानं काका उठून थेट गॅलरीत माझ्याकडे आले. डोळे भरलेले, चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा.

"काय झालं काका?"

"कुंदाचं शाळेत भांडण झालंय!" ते ओरडलेच. "त्या शैलानं हिच्या डब्यातला शिरा खाल्ला, मग हिनं तिची वेणी ओढली. मला सगळं कळलं गं! माझ्या पोरीनं मला सांगितलं!"

आणि मग खिशात आपट्याची पानं कोंबून काका घरोघर निघाले. प्रत्येकाच्या हातावर सोनं ठेवत, ती लाल बाही मिरवत, एकच सांगत सुटले, "आमच्या कुंदाचं भांडण झालं!"