पोरीच्या नावचं कर्ज

भूकंपानंतर आमची सगळी गल्ली शाळेच्या मैदानावर मुक्कामाला होती. लातुरात आमच्या घरांना नुसत्या भेगा पडल्या होत्या, पण किल्लारीकडच्या बातम्या ऐकून छपराखाली जायची कुणाची छाती होईना. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो. शेजारच्या सतरंजीवर नलिनीकाकू, आपल्या लहानग्या लेकीला, माधुरीला, मांडीवर घट्ट धरून. संध्याकाळी जमीन पुन्हा गुरगुरली. माणसं ओरडत उठली. जरा शांत झालं तशी काकूंनी मला विचारलं, "प्राध्यापक म्हणे तुम्ही. शिकायचे पैसे कुणी दिले?"

भूकंपानं हादरलो नव्हतो तेवढा मी या प्रश्नानं हादरलो.

"वडिलांनी."

"हां. म्हणजे अजून त्यांच्याच ताब्यात."

हा प्रश्न त्या कुणालाही विचारत. नाडी बघणाऱ्या डॉक्टरला. नव्या हेडमास्तरांना, तेही सत्काराचा हार घालता घालता. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. नवरा फार लवकर गेलेला.

पुढं लातूर क्लासचं गाव झालं. उदगीर, नायगावहून लेकरं शिकायला आली, गल्लीत घरोघरी डबे सुरू झाले. काकूंनी वरच्या खोल्या मुलींना भाड्यानं दिल्या. मुलींच्या बापांना दारातच बजावायच्या, "भाडं तुम्ही द्या. पण कॉलेजची फी तिला कर्ज काढून भरू द्या. ज्याची डिग्री, त्याचं कर्ज!" एक गृहस्थ तर खोली न बघताच परत गेले.

आम्ही हसायचो. मग माधुरीचा विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि काकूंनी खरंच तिला बँकेत नेलं. मी सोबत होतो. मॅनेजर म्हणाले, "आईची पण सही लागेल."

"सही करते. हप्ता भरणार न्हाई," काकू म्हणाल्या. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले.

गाठीला पैसा असून सख्खी आई लेकीला कर्जात घालते, याचा गल्लीला धक्काच बसला. डिग्री हातात आली, पण वर्षभर नोकरी नाही. माधुरी क्लासमध्ये पेपर तपासून व्याज भरत होती, दिवसेंदिवस वाळत चालली होती. काकू ढिम्म. माझी बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी पुण्यात नोकरी लागली, तसं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कर्ज राहिलंय म्हणे? लग्नानंतर कोण फेडणार?"

"तीच." मग काकू मुलाकडे वळल्या. "तुमच्या शिक्षणाचे पैसे कुणी दिले?"

"पप्पांनी."

"मग लग्नाचं मी त्यांच्याशीच बोलते. तुम्ही चहा घ्या."

ते लोक उठूनच गेले. माझा तोल सुटला. "काकू, हा काय लई मोठा पराक्रम चालवलाय? लेकराचे हाल करून राहिलात!"

काकू कपबशा गोळा करत होत्या. हात थांबले. "मला एम. ए. करायचं होतं. वडील म्हणाले, बी. एड.पर्यंत शिकवलं कुणी? आता मी म्हणतो तिथं लग्न कर. तोंडातून शब्द फुटला न्हाई माझ्या. त्यांच्या पैशानं शिकले होते ना."

मी उरलेल्या कपबशा उचलल्या आणि त्यांच्यामागं आत नेऊन ठेवल्या.

कर्ज फिटलं त्याच वर्षी माधुरी घरी आली. पेढ्यांचा पुडा आईच्या हातात देऊन म्हणाली, "आई, मी जर्मनीला चालले. तिकडंच राहीन बहुतेक." काकूंच्या हातातला पुडा तसाच राहिला.

"विचारून राहिलीस की सांगून?"

"सांगून."

"बरं," काकू म्हणाल्या आणि देवापुढं पेढे ठेवायला आत गेल्या.

दुपारच्या गाडीला तिला पोचवायला आम्ही बसस्टँडवर गेलो. माधुरी पाया पडली. काकूंनी तिची ओढणी नीट केली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी त्या तिथंच उभ्या.

"मी रडले असते तर राहिली असती का हो ती?"

मला खोटं बोलता आलं नाही. "राहिली असती, काकू."

"हाव," त्या म्हणाल्या. "मला बी तसंच वाटलं." आणि भर बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून, त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.