किसनतात्यांनी ट्रकचे दात बदलले

किसनतात्या ट्रक मागे घेत नाहीत.

रिव्हर्स गिअर पडत नाही म्हणून नव्हे. त्यांचा गिअरबॉक्स मी स्वतः उघडून पाहिलाय. बाकीचे गिअर झिजून गुळगुळीत झालेत आणि रिव्हर्सचा मात्र कंपनीतून आला तसाच, कोरा करकरीत. "मागं येणं आपल्या रक्तात न्हाय," असं तात्या म्हणतात आणि मिशीवरून हात फिरवतात. ट्रकचे दोन्ही आरसे त्यांनी या मिशीकडेच वळवून ठेवलेत.

बारामतीत, इंदापूर रस्त्याला माझं गॅरेज आहे. तात्यांची गाडी समोरून आत येते, पण समोरून बाहेर जायचं तर मागे घ्यावी लागेल. म्हणून एका सकाळी त्यांनी मला न विचारता माझ्या मागच्या कुंपणाच्या तारा सोडल्या आणि शेजारच्या पडीक रानातून ट्रक बाहेर काढला. मी बोललो, तर म्हणाले, "इकबाल, तुज्या गॅरेजला एकच दार व्हतं. आता दोन झाली. आभार मान."

सांगवीत, त्यांच्या स्वतःच्या गावात, अरुंद रस्त्यावर एकदा समोरून एसटी आली. कुणीतरी मागे घ्यायला हवं होतं. तात्यांनी इंजिन बंद केलं, सीटवर मांडी घातली आणि भाकरीचं फडकं सोडलं. एसटीतले लोक खाली उतरून ओरडायला लागले. तात्यांनी त्यांना खिडकीतून ठेचा हवा का विचारलं. शेवटी एसटी मागे गेली. तिच्या ड्रायव्हरला हात करून तात्या म्हणाले, "शिकलेला मानूस हायस. मागं जायला जमतं तुला."

असा हा माणूस. वर्षभर इंदापूरच्या डाळिंबाच्या पेट्या भरून हैदराबादकडे जायचा आणि उन्हाळा आला की त्याच ट्रकवर लोखंडी टाकी बसवून कऱ्हाटीच्या कोरड्या पट्ट्यात पाणी वाटायचा. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच माणसाचा ट्रक मागे आला.

कऱ्हाटीच्या पलीकडे माळावर एक वस्ती आहे. तिथं जाणारा रस्ता म्हणजे खडी अंथरलेला चढ. भरलेली टाकी घेऊन तात्या पहिल्या गिअरमध्ये निघाले. निम्म्यावर इंजिन कण्हलं, थरथरलं, बंद पडलं आणि ट्रक घसरत मागे आला. नशिबानं वाटेत बांध होता.

दुसऱ्या दिवशी तात्या गॅरेजात आले. बातमी त्यांच्या आधी आली होती.

"तात्या, गाडी मागं आली म्हणं?"

"मागं आली न्हाय. बांदाला टेकली."

त्यांच्या पाठोपाठ टँकरचा ठेकेदार मोटारसायकलवरून हजर झाला. तो तसा सरळ माणूस. म्हणाला, "तात्या, कशाला जिवाशी खेळता? खाली पायथ्याला टाकी हाय, तीत पानी सोडा आन मोकळं व्हा. बाया नेत्यात वर."

"ज्यांना नेता येत न्हाय त्यांनी काय करायचं?"

"शेजारपाजारी देत्यात की एखादी घागर."

"न्हाय. टँकर वर जानार."

"ह्या गाडीला ते जमायचं न्हाय, तात्या."

"मग गाडी बदलू."

"दुसरी घेताय?"

"हीच बदलू," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "काय करावं लागंल, बोल."

आता हे सोपं करून सांगतो. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा भला मोठा गोळा लोंबत असतो. त्यात दोन गिअर असतात. छोटा तो पिनियन, मोठा तो क्राऊन. इंजिनाची ताकद छोट्याकडून मोठ्याकडे आणि तिथून चाकांकडे जाते. दोघांच्या दातांचं जे प्रमाण, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. छोटा गिअर थोडे फेरे घेऊन मोठ्याला फिरवत असेल, तर गाडी पळते. त्याला जास्त फेरे घ्यावे लागत असतील, तर गाडी पळत नाही, पण ओढते. तात्यांचा ट्रक कंपनीनं पार्सलवाल्यांसाठी बनवलेल्या जातीतला. तो पळणारा होता. तात्यांना हवा होता ओढणारा.

"जोडी बदलावी लागंल," मी म्हटलं. "दोन्ही गिअर एकदम. पण तात्या, मग ही गाडी हायवेच्या कामाची राहायची न्हाय. हैदराबाद गाठेपर्यंत डाळिंबं पेटीतच फुटतील."

"फुटू दे."

"वर्षभराचा धंदा हाय तुमचा तो."

"तुला गिअर बदलायला सांगितलं का माजा धंदा बगायला?"

ठेकेदारानं माझ्याकडे बघून मान हलवली. माझंही मत त्याच्यासारखंच झालं होतं. एका चढानं अपमान केला म्हणून हा माणूस चालता धंदा मोडायला निघाला होता.

वरकुट्याला एक जुना उसाचा ट्रक बाभळीखाली पडून होता. आयुष्यभर शेतातून कारखान्यापर्यंत ऊस ओढलेला. त्याची जोडी शाबूत निघाली. ती आम्ही आणली. मी चाकांच्या आतले आस ओढून काढले, गोळा खाली उतरवला, जुनी जोडी काढून नवी बसवली. हे काम घाईचं नाही. दात एकमेकांत फार घट्ट बसले तर तापतात, सैल बसले तर रडतात. म्हणून दातांना रंग लावायचा, फिरवायचं, रंग कुठं पुसला गेला ते बघायचं, पुन्हा उघडायचं. तात्या स्टूल टाकून शेजारी बसून राहिले. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा म्हणाले, "इकबाल, लग्न जुळवायला एवढा वेळ लागत न्हाय रं."

"म्हणून तर मोडत्यात," मी म्हटलं.

त्यावर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

गाडी तयार झाली आणि आम्ही रिकामीच फिरवायला काढली. भिगवण रस्त्याला एका मोपेडवाल्यानं आम्हाला मागे टाकलं. तात्या खुशीत मीटरकडे बोट दाखवत होते. "बग, साठ!"

"तात्या, मीटरची तार गिअरबॉक्सला हाय. मागचे दात बदलले ते त्याला ठाऊक न्हाय. खरं चाळीसबी नसंल."

"मीटर कंपनीचं हाय. तू खोटा असशील."

मागून हॉर्न वाजत होते. एक ट्रकवाला बाजूनं जाताना ओरडला, "आजोबा, उतरून चाला, लवकर पोचाल!" तात्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "तू पळ बाबा! तुला जायला घाट न्हाय, मला हाय!"

पहिल्या खेपेला मी सोबत गेलो. काम माझं होतं, ते चढतं का हे मलाच बघायचं होतं. पायथ्याला ठेकेदार उभा होता. चाकाखाली लावायला दोन मोठे दगड त्यानं आणून ठेवले होते. तात्यांनी ते दगड बघितले आणि त्याला बाजूला व्हायची खूण केली.

पहिला गिअर. ट्रक चढाला लागला. गेल्या वेळी बंद पडला होता ती जागा आली आणि माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. खडी चाकाखाली करकरत राहिली आणि टाकीतलं पाणी मागच्या मागे डचमळत राहिलं. बैल नांगर ओढतो तसा तो ट्रक एक एक हात वर सरकत होता. तात्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला तरी त्यांनी पुसला नाही.

वर पोचलो. बाया घागरी, हंडे, डबे घेऊन धावल्या. आता तात्या उतरतील, मिशीवरून हात फिरवतील, खाली बघून ठेकेदाराला काहीतरी ऐकवतील, असं मला वाटलं. ते जागचे हलले नाहीत. इंजिन चालूच, नजर काचेतून सरळ समोर.

"आधी त्या टोकाच्या घराचं पिंप भर," ते मला म्हणाले. "मग बाकीच्यांचं."

"तुमी उतरत न्हाय?"

"न्हाय."

मी पाइप ओढत टोकाच्या घराकडे गेलो. दारात एक म्हातारी काठी टेकून उभी होती. गुडघे बाकलेले, पाठ मात्र ताठ. तिनं पिंपावर झाकण ठेवलेलं होतं आणि त्यावर हात.

"हे पानी नगं मला," ती म्हणाली.

मी गोंधळलो. रांगेतली एक बाई पुढं आली आणि हळूच म्हणाली, "किसनतात्याची सख्खी बहीन हाय ती. आक्का. हिची पोरगी त्याला सून करायची व्हती. पोरीला नर्स व्हायचं व्हतं. आक्का पोरीच्या बाजूनं उबी राहिली. तवा हा ह्या अंगनात वरडला, तुज्या घरचं पानी पिनार न्हाय. तवापासनं आला न्हाय. पोरगी पुन्याला दवाखान्यात नोकरीला. ही एकटीच हितं. पायथ्यापर्यंत उतरनं होत न्हाय तिला. आन दुसऱ्याकडं घागर मागत न्हाय."

आक्कानं ते ऐकलं, पण ऐकू न आल्यासारखं केलं. ती ट्रककडे बघत होती.

"एवढा रांगत का आला?" तिनं मला विचारलं. "गाडी बिघडलीया का?"

"बिघडली न्हाय, आक्का. मुद्दाम तशी केलीया. ह्या चढासाठी मागचे दात बदलून घेतले त्यांनी. आता ही गाडी हायवेला चालायची न्हाय. हैदराबादचा धंदा सोडला."

"कुनी सांगितलं त्याला?"

"कुनी न्हाय."

आक्कानं काठी दाराला टेकवली. मग तिनं झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. पिंप भरत आलं तेव्हा त्यात एक पातेलं बुडवून, भरून घेऊन ती आत गेली.

मी बाकीची भांडी भरत राहिलो. पुन्हा मान वर केली तेव्हा आक्का काठी टेकत ट्रककडे निघाली होती. दुसऱ्या हातात कप. अर्धा चहा वाटेतच बशीत सांडलेला. ती केबिनखाली थांबली आणि कप वर धरला.

"पी. हे माज्या घरचं पानी न्हाय. तुज्या टाकीतलं हाय, आत्ता आलेलं."

तात्या समोरच बघत होते. आक्कानं काठीवर भार देऊन हात आणखी वर केला, तसा त्यांनी वाकून कप घेतला. एक घोट प्यायले.

"साखर कमी हाय."

"साखर माज्या घरची हाय," आक्का म्हणाली. "चालत असंल तर खाली उतर. घालते."

तात्यांनी इंजिन बंद केलं.