बाहेर जाणारा गैरहजर

सातपूरच्या त्या शाळेत सकाळपासून प्रशिक्षण चाललं होतं. विषय, ‘शहरी वर्गातील वैविध्यपूर्ण विद्यार्थी’. त्यासाठी झाडून सगळे शिक्षक हॉलमध्ये, आणि ते वैविध्यपूर्ण विद्यार्थी शेजारच्या वर्गात, खिचडी शिजवणाऱ्या भागुबाईच्या भरवशावर. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

प्रतिभाबाईंचा सगळा जीव भिंतीपलीकडे होता. तिसरीची ती त्रेचाळीस पोरं त्यांचीच. पण उठायची सोय नव्हती. बारा वर्षं घासल्यावर वरिष्ठ वेतनश्रेणी हाताशी आली होती, तिला या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि प्रशिक्षण देणाऱ्या प्रफुल्ल सरांनी सकाळीच बजावलं होतं, "मध्येच बाहेर जाणारा गैरहजर. त्यानं प्रमाणपत्र विसरायचं."

अकराच्या सुमारास भागुबाई दारातून ओरडली, "बाई, माझी खिचडी खाली लागतीय. मी चालले!"

पाच मिनिटांत पलीकडे बाजार भरला. प्रफुल्ल सर वैतागले. "कोणाची पोरं ती? गप्प करा त्यांना. विविधतेत व्यत्यय येतोय!"

"गप्प करायला गेले तर?" प्रतिभाबाईंनी विचारलं.

"गैरहजर. नियम म्हणजे नियम."

प्रतिभाबाईंचं डोकं सणकलं. "बरं. नाही जात." आणि बसल्या जागेवरूनच त्यांनी हाक मारली, "ए तिसरी! दप्तरं उचला, सगळे इकडं या!"

त्रेचाळीस पोरं हॉलमध्ये घुसली. सरांनी उसनं हसून सगळ्यांत पुढं आलेल्या पायलला विचारलं, "बाळ, तू कुठं राहतेस?"

"आमनं घर पुलना पल्याड शे."

सरांनी स्लाइड पुढं नेली, मागं आणली. अहिराणी कुठंच नव्हती. तेवढ्यात एकानं त्यांची बाही ओढली, "सर, मेरे को पानी पीने का है." दुसऱ्यानं माइकच पळवला.

"बाई, आवरा यांना!"

"मी शिकायला आलेय, सर. उठले तर गैरहजर."

"अहो, उठा! देतो प्रमाणपत्र!"

"आधी सही."

सही झाली, तेव्हा कुठं बाई उठल्या. त्यांच्या सांगण्यावरून पायलनं पुलापासून घरापर्यंतची वाट अहिराणीत सांगितली, पाणी मागणाऱ्या संघर्षनं ती हिंदीत सांगितली, आणि बाकीची पोरं फरशीवर खडूनं नकाशा काढायला बसली. हॉल चिडीचूप झाला. प्रफुल्ल सर बाकावर बसून भराभरा लिहून घेत होते.

बाहेर चहा आला. सर वही मिटून दाराकडं निघाले.

"सर," बाई नकाशावरची नजर न काढता म्हणाल्या, "मध्येच बाहेर जाणारा गैरहजर."

सर मुकाट्यानं फरशीवर बसले. पायलनं त्यांच्या हातात खडू दिला.