निम्मे डाग गेले

एखादी गोष्ट गुपचूप करावी तर माझ्यासारख्यानं! बढती मिळाली होती, ऑफिसच्या भिंतीवर माझा फोटो लागणार होता, आणि गालांवर कॉलेजातल्या मुरमांचे खड्डे! फोटोआधी ते लेझरनं उडवायचे आणि बायकोपुढे एकदम गुळगुळीत नवरा उभा करायचा, असा बेत.

गॅलरीत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. हळू आवाजात. माझा हळू आवाज शेजारच्या इमारतीतही ऐकू जातो, हे मला आता कळलंय.

"सगळे डाग काढायचेत. जुने आहेत, लग्नाआधीचे. बायकोला पत्ता लागता कामा नये!"

आमच्या घरात दागिन्यांनाही डागच म्हणतात. बायकोचे माहेरचे डाग बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली माझ्या खिशात!

"लेझर बारीक बारीक भोकं पाडतो, मधली कातडी शाबूत ठेवतो. म्हणून लवकर भरून येतं," क्लिनिकमध्ये बाई म्हणाल्या. "लाली आठवड्यात उतरेल."

बधिर करायचं मलम लावूनही गाल तव्यासारखे तापले. टोपी, मास्क, काळा चष्मा चढवून मी चोरपावलांनी घरात शिरलो. तर सोफ्यावर धाकटा मेव्हणा! दाराशी बायको, रडून डोळे सुजलेले.

"भाऊजी, डागांचं काय केलंत?"

फुटलं वाटतं बिंग! मी मान खाली घातली. "निम्मे गेले. एका बैठकीत सगळे जात नाहीत म्हणे."

"बैठकीत?" मेव्हणा ताडकन उठला. "पत्ते खेळता तुम्ही?"

"छे! जाळले! उरलेले पुढच्या महिन्यात."

"जाळले?" बायको मटकन खाली बसली.

घाबरून मी मास्क काढला. आत लालभडक, सुजलेलं थोबाड.

"अगं बाई! मारलं यांना कुणीतरी!" तिनं हातातल्या बांगड्या ओढून काढल्या आणि माझ्या मुठीत कोंबल्या. "अडचण होती तर मागायचं ना हो! माझ्यापासून लपवायचं? घ्या, देऊन टाका त्यांना!"

बांगड्या अजून गरम होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चेहऱ्यावरचे डाग गं," मी पुटपुटलो. "मुरमांचे. फोटोसाठी."

मेव्हण्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बायकोनं मात्र डोळे पुसले, जवळ आली आणि मला नीट न्याहाळून विचारलं,

"तुमच्या चेहऱ्यावर डाग होते?"

आता सूज गेली, फोटोही लागला. लाली तेवढी उतरत नाहीये. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, ही काही लेझरची नाही.