विल्हो पणजोबांची विजार

व्हेनलाला शाळेत एका नव्या नाटकाचं विश्लेषण मांडायचं होतं: युद्ध, धैर्य आणि बाईपण-पुरुषपण. वर्षाचे निम्मे गुण त्याच्यावरच होते. गोष्ट आमच्या देशातल्या १९१८ च्या यादवीची. त्यात एक बाई विजार घालून बंदूक चालवते आणि एक शिपाई बायकी झगा घालून पळतो. व्हेनलाने शिपायाला सरळ भेकड ठरवलं. सतराव्या वर्षी माणूस फार पटकन निकाल लावतो.

एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण वर्गाच्या बाईंनी घरचा एखादा पुरावा जोडायला सांगितला होता, आणि आमच्या ताम्पेरे शहरात त्या यादवीबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून तिने कुणालाही न विचारता कपाटातला एक फोटो उचलला. वर ऐकायला आजोबांनाही बोलावलं.

वर्गात पडद्यावर फोटो झळकला.

"विजारीत, हातात बंदूक, ते माझे पणजोबा विल्हो," व्हेनला म्हणाली. "झग्यात त्यांची बहीण साइमी. ती घरी रडत बसली असणार. पण आमचे पणजोबा नाटकातल्या त्या पळपुट्यासारखे नव्हते."

मागच्या बाकावरून शहाऐंशी वर्षांचे कालेर्वो आजोबा म्हणाले, "उलटं आहे गं ते."

"काय उलटं?"

"विजारीत साइमी आहे. झग्यात माझे वडील."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी सावरून घेतलं, "गंमत म्हणून कपडे बदलले असतील."

"फोटोपुरती गंमतच होती. आठवड्याने विरुद्ध बाजूच्या फौजेने शहर घेतलं, तेव्हा वडिलांनी साइमीकडून तोच झगा मागून घेतला आणि बायकांच्या घोळक्यातून निसटले. साइमी विजारीतच सापडली. भिंतीशी उभं करून गोळी घातली तिला. बाईने विजार घातली, याचाच त्या शिपायांना जास्त राग होता."

व्हेनलाला रडू आवरेना.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आजोबा."

"मलाही एकदाच सांगितलं त्यांनी, सौनात, वाफेच्या न्हाणीघरात. मी निखाऱ्यावरच्या दगडांवर नुसतं पाणी ओतत बसलो."

"मग ते भेकड होते का?"

"ते निसटले नसते तर मी जन्मलोच नसतो. मला नको विचारूस."

बाई हळूच म्हणाल्या, "व्हेनला, निष्कर्ष वाचतेस?"

व्हेनलाने कागद पाहिला आणि खाली ठेवला. "बाई, एक आठवडा वाढवून मिळेल?"

"मुदत आजचीच आहे गं."

"द्या हो," आजोबा म्हणाले. "आम्ही शंभर वर्षं घेतली."